गॅसच्या मागचा गणपती

३ ऑगस्ट
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हसळ्याहून ताईचा फोन, आई तिच्याकडेच आहे. डॉक्टरांनी बजावलंय, धुराजवळ अजिबात जायचं नाही. मी जाऊ शकलो नाही. टेम्पोचं भाडं आधीच घेतलं होतं. नाही म्हणता आलं असतं, पण ते इथे लिहायचं कारण नाही.
आमच्याकडे मासे पडवीतल्या चुलीवर होतात. कारण स्वयंपाकघरात खाऱ्या हवेने भिंतीचे पोपडे सुटून कालवणात पडतात. आई केव्हापासून टाईल्स मागतेय. निश्चय: ती परत यायच्या आत भिंतीला टाईल्स. चूल कायमची बंद. माघार नाही.

७ ऑगस्ट
अलिबागला टाईल्स बघितल्या. मी निघताना हेमालीने दारातून ओरडून सांगितलं होतं, पांढऱ्या आणा, साध्या, पुसायला सोप्या. आईचंही फोनवर तेच. सासू-सुनेचं एकमत क्वचितच होतं, पण डिझाइनची नजर दोघींनाही नाही.
दुकानात एक हायलायटर होता, म्हणजे मधे लावायचं टाईल्सचं चित्र. सहा टाईल्स जोडून अख्खा गणपती, मागे सोनेरी प्रभावळ. आई देवभोळी. ऑपरेशनला गेलो नाही त्याचीही भरपाई होईल. घेऊन टाकला. घरी कोणाला सांगितलं नाही. सरप्राइज.

१२ ऑगस्ट
विनेश मिस्त्रीने भिंत खरवडली. डाळीच्या डब्यात धूळ गेली. हेमालीने डबे झाकायला सांगितलं होतं, असं ती म्हणते.
गणपती बरोबर गॅसच्या मागे, मधोमध लावून घेतला. तिथेच उठून दिसतो. विनेशने चपला काढल्या, अगरबत्ती मागितली. श्रावण चालू असल्यामुळे घरात वरण-भात, वातावरण कसं पवित्र. हेमाली एवढंच म्हणाली की पांढऱ्या सांगितल्या होत्या. मग डाळ चाळायला बसली. भारावली असणार.
दुपारी ४: म्हसळ्याला जायचं राहिलं. उद्या नक्की.

१८ ऑगस्ट
ताईच आईला सोडून गेली. चहालाही थांबली नाही.
आई काळा चष्मा लावून टाईलसमोर उभी राहिली. हात फिरवला आणि रडली. (रडायलाही मनाई आहे.) शेजारच्या क्रांतीवहिनींना हाक मारून बोलावलं, "बग, माज्या पोरानं माज्यासाठी देव आनला." मला आत कुठेतरी टोचलं. पण मग तिने गणपतीपुढे जास्वंदीचं फूल ठेवलं, तेव्हा बरं वाटलं.
पडवीतल्या चुलीवर मी स्वतः घमेलं उपडं घातलं. विषय संपला.

५ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. श्रावणापासून जिभेवर मासा नाही. ताजे बोंबील आणले.
आईने पातेलं गॅसवर ठेवलं. वर बघितलं. पातेलं उचललं. "देवाच्या तोंडासमोर मासली न्हाय शिजवाची, बाला." बाहेर जाऊन घमेलं काढलं, चूल पेटवली. हेमालीने मी करते म्हटलं, पण माशाला आई कोणाला हात लावू देत नाही.
हे माझ्या डोक्यातच आलं नाही! दोष श्रावणाचा. मासे चालू असते तर दुकानातच लक्षात आलं असतं.

६ सप्टेंबर, सकाळ
उपाय सापडला. गणपतीवर पडदा. हेमालीने विचारलं, गॅसच्या मागे पडदा लावून घर जाळायचंय का. आई म्हणाली, "पडद्यामागं वास जायाचा न्हाय का?" शेगडी सरकवू म्हटलं, तर तिकडेही त्याची नजर आहेच.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
विनेशला फोन. म्हणाला, देवावर छिन्नी न्हाय मारनार, तुमीच मारा. त्यात काय! छिन्नी-हातोडी घेऊन उभा राहिलो. समोरचं फूल ताजं होतं. नमस्कार करून परत आलो.
निश्चय: आजपासून घर शाकाहारी. सुरुवात माझ्यापासून. आईच्या डोळ्यांपुढे जिभेचं काय एवढं.

७ सप्टेंबर
भाजी आणायला गेलो होतो. मांदेली इतकी ताजी होती की तशीच सोडून येणं जिवावर आलं. भाजीही आणली. कोथिंबीर.
आई चुलीपाशी बसली. पदराने डोळे पुसत फुंकर मारत होती. मी म्हटलं, आई राहू दे. म्हणाली, "राहू कशाला? तुला आवडतं ना." कुंपणापलीकडे क्रांतीवहिनी होत्या. त्यांना सांगत होती, घरात कसा देव बसवलाय पोरानं, बगूनच डोलं निवतात.
मी डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन शेजारी उभा. धुरात थेंब घालायचे नाहीत. धूर थांबणार कालवण झाल्यावर.
कालवण मी दोनदा घेतलं.