काकवीत कालवलेलं औषध

सांगली, १४ मार्च १९४९

प्रिय लालासाहेब,

राहीवहिनींना जाऊन सहा महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला दोन कार्डं लिहिली, दोन्ही अगदी त्रोटक. तुला वाटलं असेल, मोहिद्दीनला कॉलेजात काम फार. काम आहेच. पण दुपारी प्रयोगशाळेत एकटा असलो की समोरच्या स्टुलावर वहिनी बसलेल्या असतात. पदर डोक्यावर, हात मांडीवर, पाचगणीला आरोग्यधामाच्या व्हरांड्यात बसायच्या तशाच. रागावलेल्या नसतात. मी काय करतोय ते नुसतं बघत असतात. मग माझं तागडीतलं वजन चुकतं.

माधवनगरला गिरणीत माझे अब्बा माग चालवायचे, तेव्हापासून गिरणीच्या चाळीत आपण एका ताटात जेवलो. पलटणीबरोबर काश्मीरला निघताना तू एवढंच म्हणालास, "गड्या, हिच्याकडं बघ." वहिनींच्या थुंकीत रक्त दिसून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. आरोग्यधामात हवा होती, दूध-अंडी होती, औषध नव्हतं. क्षयावरची अमेरिकेची नवी सुई मुंबईतही मिळत नव्हती. त्याच सुमाराला कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती मासिकात स्वीडनमधल्या प्रयोगांवर लेख वाचला. क्षयाचा जंतू ॲस्पिरिनच्या जातीचं एक आम्ल हावरटासारखा खातो म्हणे. त्या आम्लाच्या रचनेत एका जागी किंचित बदल केला, की जंतू ते ओळखीचं समजून आत घेतो आणि त्याची वाढ खुंटते. बदल एवढासाच, पण तो करायला मला चार महिने लागले. बंद लोखंडी भांड्यात दाबाखाली तापवायचं, निववायचं, मग पांढरी भुकटी तळाशी बसवायची. दोन भांडी फुटली. डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग तू पाहिलायस. बरं, रोग्याला रोज बारा ग्रॅम लागतात. सुट्टीचा एकही दिवस मी बाहेर घालवला नाही.

एप्रिलात पहिली बाटली घेऊन पाचगणीला गेलो. डॉक्टरांनी ती आधी मुंबईहून तपासून आणवली, मग परवानगी दिली. वहिनींनी पहिला चमचा घेतला आणि तोंड केवढं वाकडं केलं! "आवं भावजी, लय कडू हाय. ह्यानं रोग न्हाई पळाला तर मीच पळून जाईन." जुलैपर्यंत ताप उतरला, वजन सात पौंडांनी वाढलं. दिवाळीला घरी जायचं, लेकीची, मनूची, वेणी आपल्या हातानं घालायची, असं त्या दर भेटीला बोलायच्या. हे सगळं मी तुला कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही.

ऑगस्टात झड लागली होती. नवी भुकटी काही केल्या वाळेना. वहिनींकडे चार दिवसांचं औषध उरलेलं, आणि खंड पडला तर रोग उसळेल असं डॉक्टरांनी बजावलेलं. उष्णतेनं ती भुकटी बिघडते हे मला ठाऊक होतं, लेखात स्वच्छ लिहिलं होतं. तरी मी ती शेगडीवर वाळवली. पांढरी होती ती तपकिरी झाली. फेकून पुन्हा करायचं तर तीन आठवडे. लालासाहेब, मी ती फेकली नाही. काकवीत कालवली. कडूपणा झाकायला, असं डॉक्टरांना सांगितलं. मला झाकायचा होता तो रंग.

वहिनींनी जिभेवर घेतलं आणि थांबल्या. "ह्या खेपंला येगळंच लागतंय, भावजी." मी म्हणालो, काकवी दुसऱ्या गुऱ्हाळाची आहे. "तुमी म्हणताय तर आसंल," म्हणाल्या आणि चमचा चाटून पुसून मला परत दिला.

पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले. डॉक्टरांनी औषध बंद केलं, पण ताप पुन्हा चढत गेला. बाराव्या दिवशी त्या गेल्या. फुप्फुसं आधीच पोखरली होती, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. सांगलीला येऊन भांड्याला चिकटलेली भुकटी तपासली. जवळजवळ निम्मी बिघडून विषारी झाली होती. वहिनी त्यानंच गेल्या का, मला माहीत नाही. पण उलट्या लागल्या त्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं असतं, तर काय शोधायचं ते त्यांना किमान कळलं असतं. मी तिथंच दाराशी उभा होतो. बोललो नाही.

तू रजेवर आलास आणि सगळ्यांदेखत मला मिठी मारून म्हणालास, "माझ्या बायकूला ह्या गड्यानं चार म्हैनं जादा दिलं." तेही मी ऐकून घेतलं.

गेल्या महिन्यात तुझं पत्र आलं. मनूच्या छातीच्या फोटोत डाग दिसलाय, तू नोकरी सोडून तिच्याजवळ पाचगणीला राहिलायस, आणि तुला तिच्यासाठी माझ्याच हातचं औषध हवंय. मी कार्डावर 'करतो' एवढंच लिहिलं, कारण आठ वर्षांच्या पोरीनं माझ्या कबुलीसाठी खोळंबून राहू नये. औषध तयार आहे. या वेळी सावलीत वाळवलं. सहा दिवस मी स्वतः रोज बारा ग्रॅम घेतोय, मळमळण्यापलीकडे काही नाही. मुंबईला नमुना पाठवला होता, शुद्ध असल्याची तार काल आली. डॉक्टरांनाही ऑगस्टातलं सगळं आजच लिहून कळवतोय. ते त्यांचं ठरवतील, पण मनू तुझी आहे, आणि औषध कुणाच्या हातचं आहे हे तुला आधी कळायला हवं. गुरुवारी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं निघेन, दुपारी पाचगणीला उतरेन. माझं तोंड बघवणार नसेल तर अड्ड्यावर येऊ नकोस. बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून मी आल्या मोटारीनं परत फिरेन. आलास तर ती तुझ्या हातात देईन. मनूला पहिला चमचा मात्र मी देणार नाही. तो तू दे.

तू म्हणशील तरच तुझा,
मोहिद्दीन