माशांची पेटी धुतली कुणी

दादा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला तुमचा खरा राग आला तो गेल्या रविवारी. मंचरच्या घरात मी माझ्या लेकीच्या गोल्डफिशच्या टाकीचं पाणी बदलत होते. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. लेकीनं विचारलं, "सगळं पाणी एकदम का नाही काढायचं?" मी सांगत होते की नवं पाणी त्यांना सोसत नाही, नळाचं पाणी आधी दिवसभर बादलीत ठेवायचं, मग थोडंथोडं घालायचं. तेवढ्यात आई नातीला सहज म्हणाली, "तुज्या आज्यानं तर समदी पेटी रिकामी केली व्हती. कपड्याची पावडर टाकून घासली न् नळाखाली धरली. लई चकचकीत झाली, पर सोडल्यावर घटकाभरात मासं आडवं."

माझ्या हातातली नळी टाकीबाहेर आली, फरशीवर पाणी झालं. मी विचारलं, "कधी?"

"आगं, तू जुन्नरला फारम भराया गेली व्हतीस तवा. पावणं यायचं व्हतं, न् पेटी हिरवी दिसत व्हती."

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी बारावी झालेली, नर्सिंगच्या कोर्सचा अर्ज भरून एसटीनं डिंगोऱ्याला आपल्या घरी परत आले. ओसरीवर पाहुणे चहा पितायत. टीव्हीशेजारी माझी पेटी स्वच्छ, कोरडी, रिकामी. मामानं नारायणगावहून पिशवीतल्या पाण्यात, मांडीवर धरून आणलेले ते दोन मासे तुम्ही कढीपत्त्याखाली पुरलेत. मी दारातच रडायला लागते आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "दुपारीच मेलं. म्हणून पेटी घासून ठिवली. तूच लई खायला घालती, किती येळा सांगितलं."

तुम्ही फक्त क्रम उलटा केलात. आधी मेले, मग घासली. एवढ्याशा बदलानं मी खुनी झाले. मी चिमटीत मोजून दाणे टाकायचे, तरी त्या रात्री मला वाटत राहिलं की सकाळी घाईत जास्त पडले असतील. पुढची कित्येक वर्षं मी ती सकाळ आठवून दाणे मोजत होते.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. चूक कुणाच्याही हातून होते, पाहुण्यांसमोर माणूस लाजतो. पण पुण्याच्या कॉलेजात माझा नंबर लागला, मी कागद घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले, तेव्हा तुम्ही कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालात, "जिला दोन मासं जगवता आलं न्हाईत, ती मान्सं काय जगवनार?" काका हसले. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. तुम्हाला पोरगी पुण्याला पाठवायची नव्हती, तर तसं म्हणायचं. मी भांडले असते, उपाशी राहिले असते, मामाला मधे घातलं असतं. पण तुम्ही असं काही बोललात की मलाच ते खरं वाटलं. मी कागद फाडला. माझ्या हातांनी फाडला, दादा, तुम्हाला तेवढंही करावं लागलं नाही.

आज मी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोळ्या कापून देते.

आणि तुमचं शेवटचं दुखणं? तीन महिने मी डिंगोऱ्याला येऊन राहिले. तुमचं अंग पुसलं, पाठीची जखम रोज धुतली, कूस बदलली. एका दुपारी मी पट्टी बांधत होते तर तुम्ही म्हणालात, "पोरी, तुजा हात लई हलका हाय. दवाखान्यातल्या बायांना न्हाई येत असं." मी सुखावले. इतकी वर्षं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. आता ते आठवलं की अंगाची आग होते. तेव्हा तुम्हाला बोलता येत होतं. खोलीत आपण दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं: ते मासे माझ्यामुळं मेले. तुम्ही पाणी मागितलंत, मी पाजलं आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

मी तुम्हाला माफ करत नाही. तुम्ही वाईट नव्हतात हे मला ठाऊक आहे, त्यानं राग कमी होत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. आई आतून जेवायला हाक मारतेय, तिसऱ्यांदा. रविवारपासून मी तिच्याशी भाजीपाल्याचं बोलते, औषधाचं बोलते. पेटी कुणी धुतली हे तिला त्या दिवशीही ठाऊक होतं, आणि तुमचं ते वाक्य तिनं चुलीपाशी बसून ऐकलं होतं. खरं सांगते, दादा, या कागदावरचा सगळाच राग तुमच्यावरचा नाही. तुम्ही उलट बोलणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तिला विचारायची माझी छाती होत नाही.