पंधरा टन नत्र आणि इर्याच्या बादल्या

कोर्पिनेवा, १० मे १९५३

ती. आउनेताईस ओइवाचा शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सव्वादहाला माझं आयुष्य बदललं. प्रोफेसरांनी फळ्यावर लिहिलं, की दलदल उपसून केलेल्या एक हेक्टर काळ्या मातीत पंधरा टन नत्र असतं. पंधरा टन! आणि आमचे एमेलीमालक, इर्याचे वडील, त्याच मातीत गाड्या भरभरून शेण ओततायत. मधल्या सुट्टीची घंटा होताच वही मिटली, कॉलेज सोडलं आणि थेट त्यांच्या दारात.

मी म्हटलं, मालक, तुम्ही समुद्रात मीठ टाकताय. ते म्हणाले, बरं बाबा, माझा नवा तुकडा घे, शेणाविना ओट पेर. ऑगस्टात ते माझ्या कमरपट्ट्याला लागले, तर इर्याला मागायला ये. नाही लागले, तर पुन्हा या अंगणात पाय टाकायचा नाही. मी हातावर हात मारला. तू लग्नाचा कोट शिवायला टाक.

जुन्या लोभात नव्याची भर घालावी.
तुझा ओइवा

शेतकी कॉलेज, स्वयंपाकघर, १९ मे

चि. ओइवास अनेक आशीर्वाद.

कोट राहू दे. मी प्रोफेसरांना कॉफी देताना विचारलं, तर हसता हसता त्यांनी ती बशीत सांडली. म्हणाले, तो पोरगा अर्ध्यावरच पळाला की! नत्र आहे, पण कुजक्या शेवाळात जखडलेलं. जुन्या, निचऱ्याच्या शेतातून बरंच सुटतं. कालपरवा उपसलेल्या गार, आंबट मातीतून चिमूटभर. कोठार भरलेलं आहे रे, पण किल्ली उन्हाकडे. आणि आपल्याकडचं ऊन तुला ठाऊक आहे.

मुकाट्याने जा आणि मालकांकडे शेण माग. चूक कबूल केल्याने नाक झडत नाही. तू जाणार नाहीस म्हणा. आईमागे तुला मीच वाढवलंय.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी आउने

कोर्पिनेवा, ९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चिडून इर्यासमोर भिरकावलं होतं. तिने वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

काल मालक मोजायला आले. ओट पिवळे, घोट्याएवढे. ससाही लपायला लाजेल असे. मालकांनी पट्टा काढून जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, आता लागले बघ. फक्त ओढ्याकडचा कोपरा हिरवागार, कमरेइतका. मग घरात बसवून त्यांनी विचारलं, तो कोपरा तुझ्या नत्राचा का? तसं असेल तर पोरगी तुझी, आणि पुढच्या वर्षी मीही सगळं रान शेणाविना पेरतो.

इर्या डोळ्यांनी सांगत होती, हो म्हण. तिच्या तळहातांवर जुन्या फोडांच्या खुणा होत्या. नुसतं हो म्हणायचं होतं, ताई. पण त्या रानावर सहाजणांची भाकरी आहे. मी म्हटलं, मालक, ते शेण आहे, आणि मी टाकलेलं नाही.

मालक म्हणाले, वास मला जूनपासूनच येतोय; पण शब्द तो शब्द. कॉफी पी आणि नीघ. इर्या कडाडली, अकरा दिवस बादल्या वाहिल्या मी, आणि या शहाण्याला आजच खरं सुचलं! मग माझी टोपी माझ्या अंगावर फेकून म्हणाली, जा, पण कॉलेजातून पुन्हा अर्धंच ऐकून आलास तर बघ.

कॉफी संपवली, टोपी घातली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.