पुण्यातलं इंजेक्शन आणि सोलापुरातलं ऑम्लेट

सात रस्ता, सोलापूर

प्रिय गुरुशांत यास चनबसप्पाचा सप्रेम शरणार्थ.

तू, धनलक्ष्मी आणि नैरोबीतली सगळी मंडळी ठणठणीत असाल, असं धरून चालतो. आमचं विचारशील, तर तुझ्याकडं येताना आजारी पडू नये म्हणून जी धावपळ केली, तिनंच मी आडवा व्हायच्या बेताला आलोय. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन सदा तुझ्या अक्काच्या हातात.

तू म्हणालास, "भावजी, फक्त एक पिवळ्या तापाचं इंजेक्शन घ्या." ('फक्त' हा शब्द तुमच्या घराण्यात लई स्वस्त आहे.) आमचे डॉक्टर म्हणाले, ते ठरावीक केंद्रातच टोचतात, पुण्याला जा, आणि त्याचं कार्ड नसलं तर परत येताना आपल्याच देशात सहा दिवस वेगळं ठेवतील. गेलो. अक्कानं पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी, बीपीच्या गोळ्या, डासांचं मलम, जुलाबाची पुडी, सगळं घेतलं होतं. पासपोर्ट तेवढे कपाटात राहिले. आल्या पावली परत.

दुसऱ्या खेपेला पासपोर्ट मी छातीशी धरून बसलो. आत डॉक्टरीणबाई फॉर्म भरत होत्या. अंड्याची ॲलर्जी आहे का, असं त्यांनी विचारताच अक्का खवळली. "आमी लिंगायत हाय, डॉक्टर. अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं न्हाय!" बाईंनी दोघांच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि सुई काढली.

उंबऱ्याच्या आत आलं नाही, हे खरंच. पण लग्नानंतर वर्षभरात मी एका गाड्यावर ऑम्लेट खाल्लं होतं. अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, सलाईन लावावं लागलं. घरी सांगितलं, गांधीलमाशी चावली. तेव्हापासून कुठं पोळं दिसलं की ही बाई मला मागं ढकलून स्वतः पुढं होते. तीस वर्षं! आता मी काय करावं? ती लस अंड्यात वाढवतात म्हणे.

"थांबा," मी म्हणालो. "मला होतो त्रास."

"कशाचा?" अक्का.

"अंड्याचा."

"आणि ते तुमाला कसं कळलं?"

बाईंनी सुई खाली ठेवली. "बोललात ते बरं केलंत, काका. जिवावर बेतलं असतं." मला हायसं वाटलं. अर्धं मिनिट.

मग अक्कानं आपलं इंजेक्शन घेतलं. परतीच्या एसटीत मोडनिंबपर्यंत अवाक्षर नाही. मोडनिंबला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आठ दिवस गेरू लावला मी तुमच्या अंगाला." ती ओरडली असती तर बरं झालं असतं, गुरुशांत.

तर मी येत नाही. अक्का एकटीच येईल. तिला उकळलेलंच पाणी दे, हिवतापाची गोळी चुकू देऊ नकोस, मच्छरदाणी लाव. माझ्याशी ती अजून फक्त कामापुरतं बोलते.

तुझा,
चनबसप्पा

ता. क. : खरं काम हे. गाड्यावर सोबत कोण होतं, असं ती रोज विचारते. तू तेव्हा आमच्याकडं राहून कॉलेज करत होतास, हे तिच्या अजून ध्यानात आलेलं नाही. मी तुझं नाव घेतलेलं नाही. डबल ऑम्लेट तू मागवलंस, हे तर मरेपर्यंत सांगणार नाही. तूही तोंड उघडू नकोस.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आत अक्कानं पत्र हातात घेतलं आणि चष्मा मागितला. तिचं विमान तेवीस तारखेला सकाळी उतरतं. ड्रायव्हर पाठवू नकोस, तू स्वतःच ये, असं तिनं लिहायला सांगितलंय.