तारेचा ब्रश काढून ठेवलाय

ओयदिन बाळ,

गल्लीत एका मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं कुराणपठण आहे, त्यामुळे तू फरशांच्या कामाला ताश्कंदला निघशील तेव्हा मी घरी नसेन. आज सोमवार, माझा नेहमीचा रोजा; खिमा भरलेले सगळे सोमसे तूच ने.

तुझ्या सामानातला तारेचा ब्रश आणि ॲसिडची बाटली मी काढून ठेवली आहे. रागावू नकोस. तुझ्या सासऱ्यांच्या कामावर मी एकदा हौसेने असाच ब्रश फिरवला होता, आणि निळ्या फरशांवर कायमचे ओरखडे पडले. नवशिक्याला मऊ स्पंज, दोन बादल्या आणि कोरडं सुती फडकं पुरतं. फरशांच्या सांध्यांत भरलेला लेप, ग्राउट, जरा घट्ट होऊ दे. मग स्पंज घट्ट पिळून तिरका फिरव. सांध्याच्या रेषेत ओढलास तर भरलेलं उपसून येतं. स्पंज आणि फडकं माझ्या झोहिदच्या कामाच्या पिशवीत घातलंय. तो रशियाला गेल्यापासून तीन वर्षं ती खुंटीवरच होती. आज मी उतरवली.

काल शेजारची हालिमा म्हणाली, "सून फरशा बसवणार, मग मुलगा काय पीठ मळणार?"

मी म्हटलं, "मळू दे की गं, आधी घरी तर येऊ दे."

तुझं पहिलं काम नीटच होणार, त्याची मला काळजी नाही. फक्त निघताना ताटातल्या नानचा एक घास खा आणि उरलेला नान भिंतीवर, झोहिदने जाताना असाच एक घास खाऊन ठेवलेल्या नानशेजारी टांग. मी नवा खिळा ठोकलाय. दहा दिवसांनी परत येऊन तो तूच संपवायचा आहेस.

— आई