तांबडीचा मुक्काम

कारंजा लाड,
दि. ५ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
सपनाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. फोन कानाला लावून तू नुसतं हो हो म्हणतेस. परवा मी पोट दुखतं म्हटलं, तरी हो म्हणालीस. तुझ्या शेजारच्या राजूच्या फोनवर लिहून पाठवलं तर तुझ्याआधी गल्ली वाचते. म्हणून पत्र.

मागच्या महिन्यात मला सासरी पोचवताना तू जी तांबडी कोंबडी दिलीस ती खुडूक झाली. सासूबाईंनी तिच्याखाली बारा अंडी ठेवली. जिन्याखाली टोपलीत बसून असते. निम्मी पिल्लं तुझी, निम्मी इकडची, हे तुझं बोलणं सगळ्यांच्या लक्षात आहे. मामंजी म्हणाले की विहीणबाईंनी लेक पूर्ण दिली आणि कोंबडी अर्धीच.

पण घरच्या सहा कोंबड्यांचं काहीतरी बिनसलं आहे. तुरे फिके पडले. अंधारून आलं तरी खुराड्यात शिरत नाहीत, कुंपणाच्या भिंतीवर बसतात. सासूबाई खुराडं झाडायला गेल्या तर कोपरापर्यंत खाज सुटली. मोरीवर हात धुताना त्या शेजारणींना म्हणाल्या की लोकांच्या घरी सुनेच्या माहेराहून कपाट येतं, आमच्या घरी उवा आल्या. शेजारणी हसल्या. मीही हसले.

पिल्लं निघाली की तांबडीला डाल्यात घालून वाशीमच्या एसटीत ठेवायची आणि मेडशीला परत करायची, असं त्यांनी ठरवलं आहे. गल्लीतून डालं जाईल ते सगळे बघतील. त्यानंतर या घरात माझ्या शब्दाला काय किंमत राहील, ते तूच सांग.

मामंजींकडे तुरीवर फवारलेलं औषध उरलं आहे. ते खुराड्यात मारतो म्हणतात. तुझ्या कोंबड्यांना कधी असं झालं होतं का? उपाय लवकर कळव.

गुडघ्याला तेल लाव. लोभ आहेच, तो पत्रातून येत राहू दे.

तुझी,
सपना

मेडशी,
दि. ९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सपनास,
गंगूचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पोट दुखत होतं तर मी हो काहून म्हटलं, मलेच कळत नाही. आता बरं आहे का ते लिही.

पत्र आलं तसं मी जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण पोरसवदा आहे. मले ऐकू यावं म्हणून एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेर बांधलेली म्हैस उभी राहिली. तिनं सांगितलं ते असं.

पहिली गोष्ट, शेतातलं औषध कोंबडीच्या अंगावर नाही, खुराड्यात नाही, कुठंच नाही. कोंबडी चोचीनं पिसं साफ करते, ते तिच्या पोटात जातं. अंड्यात उतरतं. मारणाऱ्याच्या नाकातोंडात जातं ते वेगळंच. रॉकेलही चोळायचं नाही, कातडी भाजते. तुझ्या सासऱ्यांना, ग्यानबाजींना, माझं नाव घेऊन सांग. त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे, मले ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट, किडे दोन जातीचे. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं फाकवली की पळताना दिसतात, पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे असतात. दुसरे बारीक लाल किडे. ते दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त पितात. म्हणून तुरा फिका पडतो, म्हणून कोंबडी आत जात नाही. दिवेलागणीनंतर बसायच्या दांडीखालून पांढरं कापड फिरव. लाल डाग पडले तर रोग कोंबडीत नाही, लाकडात आहे. आणि लाकूड मेडशीहून आलेलं नाही.

आधी ओळख, मग औषध. घाई करू नको. विहीणबाईंना उलट बोलू नको.

माया आहे तशीच ठेव.

तुझी माय,
गंगू

कारंजा लाड,
दि. १३ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
सपनाचा सविनय जयभीम. वि. वि.

पोट तेव्हाच बरं झालं. तुझं पत्र काल पोचलं. मामंजींनी औषध शनिवारीच मारलं होतं.

पंप पाठीला लावून त्यांनी खुराडं आतून बाहेरून भिजवलं. दोन कोंबड्या आत होत्या. सकाळी दोन्ही मेल्या. एक सासूबाईंची जुनी काबरी होती. त्यांच्या पायात पायात फिरायची. मामंजींचे डोळे दिवसभर चुरचुरले, डोकं दुखलं. अश्वजितनी वडिलांना दवाखान्यात नेलं. आता बरे आहेत. मेलेल्या कोंबड्या आम्ही खोल खड्ड्यात पुरल्या. शेजारचे भाऊसिंग मागायला आले होते, यांनी दिल्या नाहीत. तांबडीखालची सोडून घरातली सगळी अंडीही टाकून दिली. चार कोंबड्या उरल्या, त्या आता न्हाणीत कोंडून ठेवतो.

तांबडी जिन्याखाली होती, तिला काही झालं नाही. तेच आता तिच्यावर उलटलं. पाहुणी राहिली आणि घरची गेली, असं सासूबाई भाकरी थापताना म्हणाल्या. माझ्याकडे पाहून नाही, तव्याकडे पाहून.

काल संध्याकाळी मी तुझं पांढरं कापड केलं. औषधानंतर काही सापडेल असं वाटत नव्हतं. दांडी जिथे कुडाच्या लाकडात बसवली आहे तिथून कापड फिरवलं आणि लाल रेघ उठली. बारीक किडे चालत होते. फवारा फटीत गेलाच नव्हता. कोंबड्या मेल्या आणि किडे राहिले.

मी कापड घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी दिव्याखाली धरून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. अश्वजितनी मागून मान हलवली म्हणून गप्प बसले. पण जेवताना मी दुसरी भाकरी मागून घेतली.

आता लाकडाचं काय करायचं ते कळव. दोष आपला नव्हता, एवढं तरी ठरलं. आता दोघी चारचौघांत मान वर करून राहू.

तुझी,
सपना

मेडशी,
दि. १७ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सपनास,
गंगूचा जयभीम, आशीर्वाद.

काबरीचं वाईट वाटलं. विहीणबाईंना माझ्याकडून सांग.

खुराडं रिकामं करून आतलं गवत काढ. दांडी काढून टाक, नवी बसव. तिच्यावर औषध पडलं आहे, तर चुलीत घालू नको, तिच्या राखेत कोंबड्या लोळू देऊ नको. दांडी आणि गवत दूर नेऊन पुर. खुराडं साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा धू, हातांना पिशव्या बांधून. मग फटीत उकळतं पाणी ओत, वाळव, फटी चुन्यानं बुजव. कोंबड्यांसाठी भुकटी दवाखान्यातूनच आण आणि किती टाकायची ते त्यांनाच विचार. नाकातोंडाला ओढणी बांध. दाण्यात, पाण्यात पडू देऊ नको. आठ-दहा दिवसांनी पुन्हा टाकावी लागते, कारण लिखा पहिल्यांदा मरत नाहीत. अंडी कधीपासून खायची तेही विचार. साध्या लाकडाची राख आणि माती ऊन लागेल अशा जागी ठेव, कोंबड्या त्यात लोळतात.

आता दुसरं. दोष आपला नव्हता असं तू लिहिलं. ते वाचून मी माझ्या कोंबड्या उन्हात काढल्या आणि एकेकीची शेपटीखालची पिसं फाकवली. उवा आहेत. लिखाही आहेत. म्हणजे तांबडी इथून निघाली तेव्हा तिच्या अंगावर असणारच. लाल किडे त्यांचे असतील, पण उवा आपल्या आहेत. मी द्यायच्या आधी पाहायला पाहिजे होतं, आणि तुम्हीही नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवायला पाहिजे होती. पण पहिली चूक माझी.

हे विहीणबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. तुले तिथं राहायचं आहे. पण तांबडीले बघ.

जीव लावून राहा.

तुझी माय,
गंगू

कारंजा लाड,
दि. २१ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
सपनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं आणि घरात सांगितलं नाही. तुला आवडणार नाही, पण तसं आहे.

खुराडं तू लिहिलंस तसं केलं. पाणी मामंजींनी उकळलं. पंपाला हात लावायचा नाही असं सासूबाईंनी त्यांना बजावलं, तर ते म्हणाले की आता मला साधी बादलीही विचारून उचलावी लागते. अश्वजितनी निंबाची नवी दांडी बसवली. चारी कोंबड्यांना भुकटी लावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावायची आहे. काल अंधार पडल्यावर कोंबड्या आपण होऊन आत गेल्या.

तांबडीला मी पाहिलं. शेपटीखाली, पंखाखाली, सगळीकडे. एकही ऊ नाही. पिसांच्या बुडाशी पांढरट भुकटी दिसली. तिला तर आम्ही कोणी लावली नव्हती. जिन्याखालचा चुना उडाला असेल. तुझ्या कोंबड्यांना नंतर कुठून तरी लागल्या असतील. तू उगाच मनाला लावून घेतलंस.

एका अंड्याला सकाळी चीर गेली. आतून आवाज येतो. पिल्लं निघाली की तांबडीचं काय, हे कोणी बोलत नाही. डालं अजून दारामागे टांगलेलं आहे. मी येता-जाता त्याच्याकडे पाहते.

आठवण ठेव, आणि मला लिही.

तुझी,
सपना

कारंजा लाड,
दि. २७ फेब्रुवारी २०२४

विहीणबाई गंगूबाईंना,
देवकाचा सप्रेम जयभीम.

मी पत्र लिहीत नाही. पण फोनवर तुमी नुसतं हो म्हणता असं सपना सांगते, आणि मले हो नको आहे.

तुमच्या तांबडीच्या अंगावर उवा होत्या. सपनानं पांढरं कापड दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोंबडी दाणे खायला टोपलीतून उतरली, तेव्हा मी पिसं फाकवून पाहिली. शेपटीखाली भरपूर होत्या. मी तशीच दवाखान्यात गेली. अंड्यावर बसलेल्या कोंबडीले भुकटी चालते का ते विचारलं. ती खायला उतरली की हलक्या हातानं लावा, अंड्यावर पडू देऊ नका, असं ते म्हणाले. तशी लावली. घरात सांगितलं नाही.

लाल किडे आमच्या लाकडात होते, तेही खरं. काबरी आमच्याच हातानं गेली. मोरीवर बायकांसमोर मी जे बोलली ते त्याच बायकांसमोर मागे घेतलं. आमचं खुराडं खराब होतं एवढंच सांगितलं. उवांचं सांगितलं असतं तर मी अर्धी खरी ठरली असती. पण ते कापड दाखवलं त्या दिवशी तुमची लेक लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या ताटातली भाकर मी काय म्हणून काढू?

तिले हे सांगू नका. तुमच्याही कोंबड्या पाहून घ्या, तिकडे असतीलच.

बारा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. साडेचार तुमची होतात. ग्यानबा म्हणतात, अर्धं पिल्लू कसं कापायचं ते विहीणबाईंना विचार. तर पाच तुमची. थोडी मोठी झाली की न्यायला या. डालं मी दारामागून काढून धुऊन ठेवलं आहे, पिल्लं त्यातच न्या. तांबडी इथंच राहील.

पोहोच कळवा. लेकीची काळजी करू नका.

तुमची,
देवका