गाडी जर्मनीची, कबुतरांसकट

१५ मार्च, रविवार
माझा नामदिन, म्हणजे माझ्या नावाच्या संताचा दिवस. हेरिंग मासा, कोबी-मांसाचं बिगोस, चीजकेक, सगळं जिथल्या तिथे. मी चार शब्द बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात मेव्हणा झेनेक म्हणाला की खाली त्याची नवी गाडी उभी आहे, जर्मनीहून आणलेली. झाडून सगळे कोट चढवून खाली. बोझेनासुद्धा. ती माझी बायको खरी, पण झेनेकची बहीण आधीपासूनची आहे.
अर्धा तास एकटा बसलो. बिगोस गार.
वर आल्यावर गाडीशिवाय विषय नाही. सीट गरम होते म्हणे. यात काय विशेष, माणूस बसला की सीट गरम होतेच.
निश्चय: मीही आणणार. जर्मनीहून. दलाल नको, मेव्हणा नको.

१६ मार्च
बोझेनाला सांगितलं. ती म्हणाली, झेनेकला बरोबर ने. मी म्हटलं, मी पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मला जर्मनी कुठे आहे ते माहीत आहे.
शिवाय जूनमध्ये माल्विनाचं लग्न. आपली जुनी गाडी हिवाळ्यात गंजून बसली ती बसलीच. मुलगी मामाच्या गाडीतून चर्चला जाणार की बापाच्या? यावर बोझेना भांडी घासायला गेली. म्हणजे पटलं.

२८ मार्च, शनिवार
सापडली. ब्राउनश्वाइगजवळचं खेडं, मालक एवाल्ड नावाचा म्हातारा. हिरवी लांबलचक स्टेशन वॅगन. फोटोत मागे काहीतरी खोकं दिसतं, शेजाऱ्याचं असावं.
उद्या फोन. माल्विना म्हणाली, बाबा, मी बोलू का? ती दोन वर्षं तिकडच्या बेकरीत होती, जर्मन सफाईने बोलते. पण बेकरीतलं जर्मन वेगळं, व्यवहाराचं वेगळं. माझं व्यवहाराचं आहे.

२९ मार्च
फोन झाला. उत्तम. माणूस मोकळा, भरभरून बोलला. मी 'या, या', म्हणजे हो, हो म्हणत होतो आणि अधूनमधून 'वुंडरबार', म्हणजे अप्रतिम.
थोडक्यात असं. 'आनहेंगर' हा शब्द त्याने सारखा वापरला. शब्दकोशात पाहिलं: चाहता, भक्त. म्हणजे आपल्या गाडीचा तो भक्त आहे. याहून चांगला मालक कुठे मिळणार.
'टाउबेन' असंही म्हणाला. 'टाउब' म्हणजे बहिरा, हे मला पाठ आहे. बिचाऱ्याला ऐकू येत नाही. तेव्हापासून मी ओरडून बोललो.
शेवटी 'कुप्लुंग' लवकरच 'कापुट', म्हणजे खलास. कुप्लुंग म्हणजे जोडपं असणार. बायकोचं काही खरं दिसत नाही. मी म्हटलं, मला फार वाईट वाटतं, पण तरी मी येतोच. त्याने तीनदा आभार मानले. भावनाविवश.

१८ एप्रिल, शनिवार. जर्मनी.
सकाळी बसने पोचलो. बोझेना बरोबर आली. मी नको म्हणत होतो, पण तिने सँडविच आधीच बांधली होती.
एवाल्ड सपाता घालून दारात उभा. ऐकू उत्तम येतं. मी ओरडून नमस्कार केला तेव्हा दचकला.
गाडी सुंदर. आत धान्याचा वास.
मग त्याने आम्हाला मागे नेलं. फोटोतलं खोकं शेजाऱ्याचं नाही. दोन चाकांचा ट्रेलर आहे, त्यात जाळीचे कप्पे, आणि कप्प्यांत कबुतरं. शर्यतीची. तीसेक तरी असतील.
आनहेंगरचा दुसरा अर्थ ट्रेलर आहे. शब्दकोशात खालच्या ओळीत दिला होता. आणि टाउबेन म्हणजे कबुतरं. शब्दकोश करणाऱ्यांनी क्रम लावताना थोडा विचार करावा.

तोच दिवस, दुपारी
एवाल्डला शरद ऋतूत भाची वृद्धाश्रमात ठेवणार आहे. तिथे पक्षी चालत नाहीत. गाडी न्यायची तर ट्रेलर आणि कबुतरं न्यायची, नाहीतर गाडी नाही. कुणी नेली नाहीत तर भाची त्यांचं काय करणार, ते त्याने मानेवरून बोट फिरवून दाखवलं. हे सगळं बोझेनाला खुणांनी कळलं. तिला जर्मनचं अक्षर येत नाही, तरी दोघं बाकावर बसून तासभर बोलत होती. त्याने एकेक कबूतर तिच्या हातात दिलं, त्याचं नाव सांगितलं. तिनेही म्हणून पाहिलं. चुकली की तो पुन्हा सांगायचा.
मी तोवर टायर पाहिले. चार होते.
बोझेना उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "लोंगिन, आपण नेतोय."
मी म्हटलं, "मी तेच म्हणणार होतो."
निघताना म्हातारा रडला. जाळीला कपाळ टेकून बराच वेळ उभा होता. जी गाडी विकताना मालक रडतो ती चांगलीच असणार. बोझेनाला तसं म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि खिडकीची काच वर केली.

१९ एप्रिल, रविवार. घरी.
प्रवास छान झाला. काही नोंदी:
नकाशा नको म्हटलं होतं, त्यावाचून काही नडलं नाही. लाइपझिग दिसलं. ते दिसायला नको होतं, पण पाहण्यासारखं शहर आहे.
पेट्रोल पंपावर गाडी मागे घ्यायची होती. ट्रेलरला मागे जाणं माहीत नाही. मी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे, उजवीकडे फिरवलं की आडवा. जर्मन शिस्तीबद्दल इतकं ऐकलं होतं. मागे रांग लागली. बोझेना उतरली आणि एका ट्रकवाल्याला घेऊन आली, आपलाच पोलिश निघाला, पोझनानचा. त्याने एका दमात गाडी बाहेर काढली. मी खाली उभा राहून हात दाखवत होतो, त्यामुळे त्याला सोपं गेलं.
"काका, कबुतरं विकायला नेताय का?" त्याने विचारलं.
"नाही, गाडी आणली आहे," मी म्हटलं.
त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "बरं."
पुढे बोझेनाने चालवली. माझे डोळे थकले होते.

२५ एप्रिल
पासिंग झालं. पहिल्या खेपेला. झेनेकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, वा दाजी. आवाजात मत्सर स्पष्ट.
कबुतरं अंगणातल्या शेडमध्ये ठेवली. बोझेना पहाटे उठून दाणे टाकते. नावं सगळी पाठ. मला दोनच ओळखू येतात, एक पांढरं आणि एक पांढरं नसलेलं.

३ मे
सुट्टी. झेनेक जेवायला आला. गाडी पाहिली, मग म्हणाला, एक चक्कर मारतो. परत आल्यावर हात पुसत बसला.
"दाजी, क्लच गेलाय."
"कुठे गेलाय?"
"चढावर इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. क्लचप्लेट झिजलीय. लग्नाआधी बदलून घ्या. माझ्या ओळखीचा आहे एक, मी नेऊन आणतो."
मी म्हटलं, जर्मन गाडी चढावर विचार करते. घाई करत नाही.
तो म्हणाला, "मग लग्नाला माझी घ्या. पोरीचा दिवस आहे."
पोटातलं आलं ना ओठांवर. मी सूप वाढून घेतलं आणि विषय बदलला.

१७ मे
नवा विचार सुचला आहे. कबुतरं हा बोजा नाही, ठेवा आहे. शर्यतीत उतरवायची. चषक ठेवायला भूगोलाच्या पुस्तकांचं कपाट रिकामं करता येईल.
त्याआधी माल्विनाच्या लग्नात चर्चबाहेर सोडायची. लोक दोन पांढरी कबुतरं भाड्याने आणतात. आमचा थवा असेल, घरचा. पाहुण्यांवरून एक फेरी आणि मग सरळ आमच्या छपरावर. झेनेकची सीट गरम होते, होऊ दे.
बोझेना म्हणाली, "सोडलीस तर ती परत जातील. जर्मनीला."
मी म्हटलं, महिनाभर आपलं खातायत.
"खातायत. पण राहत नाहीयेत," ती म्हणाली. "दाराकडे तोंड करून बसतात."
बायकांना प्राण्यांचं मन कळत नाही.

६ जून
चढावर आता गाडी जरा जास्त विचार करते. जळका वासही येतो. शेजारच्या शेकोटीचा असावा. जून आहे, पण लोकांचा नेम नाही.
माल्विनाने विचारलं, "बाबा, नक्की ना?"
मी म्हटलं, नक्की. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. हे ती लहानपणापासून करते, मी खोटं बोलत असलो की. आज मी खोटं बोलत नव्हतो, त्यामुळे तिने का केलं कळलं नाही.

२० जून, शनिवार. लग्न.
संध्याकाळी लिहितोय, हॉलच्या मागच्या खोलीत. आत बँड चालू आहे.
गाडीला रिबिनी लावल्या, मागे ट्रेलर, ट्रेलरलाही रिबिनी. माल्विना मागे बसली, पांढऱ्या कपड्यांत. आरशात पाहिलं तर माझ्याच्याने दोन मिनिटं गाडी सुरू करवेना.
चर्चचा चढ अर्धा झाला आणि इंजिन बोंबललं. मग धूर. मग काहीच नाही. मी पायडल दाबलं, ते खाली जाऊन बसलं आणि वर आलंच नाही. खाली सगळं वऱ्हाड, वर पाद्रीबुवा, मध्ये आम्ही.
झेनेक मागून आला, खिडकीशी वाकला. मी तयार होतो, म्हटलं बोल आता काय बोलायचं ते. तो माल्विनाला म्हणाला, "ये पोरी, माझ्या गाडीत बस, उशीर होईल."
माल्विना म्हणाली, "मामा, दोर आहे का?"
"आहे."
"मग बांध. मी बाबांच्याच गाडीतून जाणार."
बांधला. झेनेकची गाडी पुढे, मध्ये आम्ही, मागे कबुतरं. मिरवणूक संथ आणि भारदस्त झाली. लोकांना फोटो काढायला भरपूर वेळ मिळाला. मी स्टीअरिंग धरून होतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या गाडी मीच चालवली.
वर पोचल्यावर माल्विनाने उतरून माझी कॉलर नीट केली.

लग्न लागल्यावर कबुतरं. मी सर्वांना सांगितलं की ती एक फेरी मारून आमच्या घरी उतरतील. दारं उघडली. थवा उठला तसा सगळ्यांनी श्वास रोखला, झेनेकनेही. मी त्याच्याकडेच पाहत होतो. दोन फेऱ्या झाल्या. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ती पश्चिमेला निघाली. एकही वळलं नाही. पश्चिम मला पक्की ठाऊक आहे, शिकवली आहे.
बोझेना शेजारी उभी होती, डोळ्यांवर हात धरून, ठिपके दिसेनासे होईपर्यंत. एकेकाचं नाव घेत होती, हळू.
संध्याकाळी परततील असं मी सर्वांना सांगितलं आहे.

२१ जून
शेड रिकामं. भांड्यात दाणे घालून ठेवले. वारा उलटा होता.

२८ जून
आजही नाहीत. भांड्यात चिमण्या.

५ जुलै, रविवार
एवाल्डचा फोन. माल्विना इथे होती, तिने घेतला. तिचं जर्मन ठीक वाटलं.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉफी पीत होता आणि छपरावर पंख वाजले. आधी त्याला वाटलं भास होतोय. मग सपाता घालूनच बाहेर धावला. दोन सोडून सगळी आली. ती दोनही बुधवारी आली, एक चालत, फाटकातून. त्याने बांधलेली बॅग सोडली. वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळवलं. भाची चिडली आहे, पण येताना ती केक घेऊन आली आणि कबुतरं मोजायला मदत केली.
क्लचचंही निघालं. माल्विना म्हणाली, "बाबा, तो म्हणतो मी फोनवरच सांगितलं होतं, क्लच जाणार आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, वाईट वाटतं पण येतोच. त्याला वाटलं, काय दिलदार माणूस आहे."
कुप्लुंग म्हणजे क्लच. मग बायकोचं काय झालं, मी विचारलं. माल्विना म्हणाली, त्याने लग्नच केलेलं नाही.
फोन मी घेतला. स्वतः जर्मनमध्ये विचारलं, आता कबुतरं आली, दाणे आणायला गाडी लागेल, तर आपली परत हवी का, चांगल्या भावात. मग त्याने माल्विनाला द्या म्हटलं.
ती ऐकत होती आणि ओठ चावत होती. फोन ठेवून म्हणाली, "गाडी तुम्हालाच राहू दे म्हणतो. ट्रेलर मात्र लागेल. आणि आईला बोलावलंय."

१० जुलै, शुक्रवार
उद्या निघायचं. ट्रेलर झेनेकच्या गाडीला जोडला आहे. चालवणार झेनेक, पुढे बोझेना. तिने एक जर्मन वाक्य पाठ केलं आहे, दिवसभर म्हणतेय. अर्थ विचारला तर सांगत नाही.
झेनेक म्हणाला, "दाजी, येणार ना?"
मी म्हटलं, बघतो, इथे कामं आहेत. अंगणातली गाडी झाकायची आहे, शेजारच्या कोंबड्या आत शिरतात.
तो म्हणाला, बरं, राहा मग.
आता स्वयंपाकघरात बोझेना सँडविच बांधतेय. दारातून पाहिलं. तिघांची आहेत.
मागची सीट गरम होत नाही म्हणे. फक्त पुढच्या दोन होतात. कपाटातून स्वेटर काढून ठेवला आहे.